कृष्णेचे पाणी : हक्क आणि सहकार्य



बेळगावचा आणि कृष्णेचा संबंध काय, असे कोणी विचारील. राकसकोपला अडविलेली मार्कंडेय पुढे घटप्रभेस मिळते, कणकुंबीची मलप्रभा कूडलसंगमास जाते, आणि हे सारे पाणी अखेर कृष्णेचेच होते. तेव्हा कृष्णेच्या वाटणीचा इतिहास हा आपल्या अंगणातलाच इतिहास आहे.

जुलै १९५१ मध्ये नियोजन आयोगाच्या पुढाकाराने या पाण्याचे वाटप ठरले, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हैसूरने त्या वाटपास संमती दिली नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. नदी जागची हलली नाही. तिच्यावर हक्क सांगणारे तेवढे बदलले. ज्या शेतांसाठी काल मुंबईने पाणी मागितले, त्याच शेतांसाठी आता म्हैसूर मागू लागले. जुना हिशेब कोलमडला, यात नवल नाही.

एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याने २४ डिसेंबर १९७३ रोजी निवाडा दिला व मे १९७६ मध्ये त्यावरील शंकांचे निरसन केले. चार वर्षांपैकी तीन वर्षे खात्रीने मिळेल असे पाणी २०६० अब्ज घनफूट, म्हणजेच टीएमसी, धरण्यात आले. त्यातून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० असे वाटे पडले. पुनरुद्भवी पाण्याची भर वेगळी. तूट व जादा पाणी सर्वांनी एका प्राधिकरणामार्फत वाटून घ्यावे, अशी दुसरी योजनाही लवादाने आखली होती. ती सर्वसंमतीवाचून अमलात येणे शक्य नव्हते, आणि आंध्रने संमती दिली नाही. माझ्या मते लवादाच्या कार्यातील दूरदृष्टीचा भाग तोच होता, आणि नेमका तोच कागदावर राहिला.

परंतु त्याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. मद्रास शहर पाण्यावाचून हैराण होते. तामिळनाडू हे कृष्णेच्या खोऱ्यातले राज्य नव्हे. हक्काच्या भाषेत त्याला मागण्यास जागा नव्हती. तरीही १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रासला पिण्यासाठी देण्याचे मान्य केले. वाटे विषम होते, पण देणे समान होते. प्रत्येकाच्या वाट्याच्या एक टक्क्याहूनही ते कमी भरते, म्हणून कोणी त्यास क्षुल्लक म्हणेल. त्याने जत-आटपाडीचा, विजापूरचा किंवा रायलसीमेचा उन्हाळा पाहिलेला नसावा. तिन्ही राज्यांच्या घरी तहान होतीच. मला असे दिसते की वाटे आधी आकड्यांत बांधले गेले नसते, तर हे दान कोणत्याही मुख्यमंत्र्यास परवडले नसते. ज्याचा सातबाराच ठरलेला नाही, तो शेजाऱ्यास बांधावरची हातभर जमीनही सोडत नाही.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. १९८३ च्या करारानुसार श्रीशैलमहून १५ टीएमसी सोडून, वाटेतील घट वजा जाता, तामिळनाडूच्या सीमेवर १२ टीएमसी द्यावयाचे ठरले. वेलुगोडू, सोमशिला, कंडलेरू अशी जलाशयांची साखळी करीत कालवा पूंडीच्या तलावापर्यंत न्यावयाचा होता. आंध्रने याच कालव्यावर रायलसीमेचे सिंचनही जोडले. कर्नाटकाने त्यास हरकत घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणजे दानाच्या कालव्यातही हक्काचा झगडा वाहतच होता.

पाणी प्रथम तामिळनाडूच्या हद्दीत पोहोचले ते १९९६ साली. तोवर १९७६ च्या त्या संमतीस वीस वर्षे झाली होती, आणि शहराचे नावही त्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले. ठरलेले पूर्ण १२ टीएमसी त्यानंतरही क्वचितच मिळाले.