नाइकी एसबी

अमेरिकेतील नाइकी या बड्या पादत्राण कंपनीची स्केटबोर्डिंगसाठीची शाखा; स्थापना २००२. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली व्हॅन्स आणि पुढे एअरवॉक, एटनीज, डीसी यांनी ही बाजारपेठ उभी केली होती. १९९० च्या दशकात नाइकीने तीत शिरकाव करून पाहिला. पण स्केटरांनी बाहेरच्यांचा माल म्हणून तो नाकारला.

दुसऱ्या प्रयत्नात नाइकीचे सँडी बोडेकर यांनी आधी खेळाडूंचे म्हणणे ऐकून घेतले. १९८५ चा ‘डंक’ हा बास्केटबॉलचा बूट निवडून त्याची जीभ गुबगुबीत केली आणि आत धक्का शोषणारा तळ बसवला. ‘ऑली’ ही उडी मारताना बुटाची बाहेरची बाजू फळीवरच्या खरखरीत कागदावर घासत जाते. साधे कापड तिथे लवकर फाटते, म्हणून अशा बुटांना सुएड चामडे लागते. रीस फोर्ब्स, डॅनी सुपा, जीनो इयानुची, रिचर्ड मल्डर हे पहिले चार करारबद्ध खेळाडू. माल फक्त स्केटबोर्डच्या छोट्या दुकानांना दिला गेला. सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. २००५ मध्ये डिझायनर जेफ स्टेपल यांच्या ‘पिजन’ डंकसाठी न्यूयॉर्कमधील दुकानाबाहेर इतकी झुंबड उडाली की पोलिसांना यावे लागले.

कन्सॉलिडेटेड या स्केटबोर्ड कंपनीने नाइकीचेच घोषवाक्य उलटवून विरोधी मोहीम चालवली. स्केटरांनीच चालवलेल्या कंपन्यांचा गल्ला आटेल, ही तिची भीती रास्त होती. पुढे आदिदासनेही या बाजारपेठेत जोर लावला. न्यू बॅलन्सची ‘न्यूमेरिक’ शाखा २०१३ मध्ये आली.