शालेय आरोग्य व मातृत्वविषयक धोरणे आणि युवावर्ग : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी दरवर्षी स्थलांतर करतात. मुलगी वयात आली की तिला गावी एकटी ठेवावी की सोबत न्यावी, हा प्रश्न अशा कुटुंबांपुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा लवकर विवाहात शोधले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाला होता. हिंगोलीसह मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आढळले.

किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याविषयी कायदे व योजना यांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. तथापि ज्यांच्यासाठी ही धोरणे आखली गेली त्यांच्यापर्यंत ती कळेल अशा भाषेत पोहोचली काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. हिंगोलीचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर या विषयावरील मराठीतील सार्वजनिक चर्चा मुंबई-पुण्यात घडली. म्हणून दोन्ही प्रवाहांचा मागोवा घेणे आवश्यक ठरते.

ब्रिटिश मुलखातील चर्चा :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलीचे वय आणि तिचे शरीर हा प्रथमच कायद्याचा विषय झाला. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी झाला होता. पतीकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले आणि १८८४ ते १८८८ या काळात तो खटला गाजला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने त्यांनी बालविवाहाविरुद्ध लिहिले. पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. या कायद्याच्या बाजूने व विरुद्ध झालेला वाद प्रामुख्याने शास्त्री, सुधारक, संपादक व सरकारी अधिकारी यांच्यात झाला. रखमाबाईंसारखा अपवाद वगळता, जिच्याविषयी वाद चालला होता ती मुलगी त्या वादात बोलणारीही नव्हती आणि ऐकणारीही नव्हती.

शालेय आरोग्याचा प्रारंभ याच सुमारास एका मराठी राजघराण्याच्या संस्थानात झाला. १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ म्हणून तिचा उल्लेख केला जातो. पुढे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आणि रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९६१ च्या अहवालात शालेय आरोग्याचा विचार झाला. मात्र या परंपरेत विद्यार्थी हा तपासणीचा विषय राहिला. आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारणारी व्यक्ती म्हणून त्याला फारसे स्थान मिळाले नाही.

र. धों. कर्वे यांचा अपवाद :

ही उणीव प्रथम ओळखली ती प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांनी. विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळे त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या मासिकातील वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे सदर विशेष महत्त्वाचे होय. प्रश्न वाचकाचा, भाषा त्याच्या ओळखीची, उत्तर निःसंकोच आणि वैद्यकीय माहितीवर आधारलेले, अशी या सदराची रीत होती.

या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला. परंतु शारीरिक माहिती मिळविण्याचा वाचकाचा अधिकार हा प्रश्न त्यामुळे न्यायालयापुढे आला. आरोग्यविषयक ज्ञान सामान्य मराठी वाचकास थेट उपलब्ध करून देण्याचा एवढा सातत्यपूर्ण प्रयत्न त्या काळात अन्यत्र क्वचितच आढळतो.

हैदराबाद संस्थान आणि भाषेचा प्रश्न :

हिंगोलीचा इतिहास याहून वेगळा आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यास तो लागू नव्हता. शिवाय संस्थानाच्या राज्यकारभारात फारसीच्या जागी उर्दू आली, तरी मराठी भाषकांच्या दृष्टीने अंतर कायम राहिले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाऊ लागले. हिंगोली येथे लष्करी छावणी होती, परंतु भोवतालच्या खेड्यांतील मराठी, बंजारा व आंध आदिवासी मुलांना शासनाची भाषा परकीच होती. शासन काय म्हणते हे मधल्या माणसाकडून ऐकावयाचे, अशी सवय या प्रदेशास दीर्घकाळ लागली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. शासनाची भाषा मराठी झाली, तरी परिपत्रकांची मराठी ही विद्यार्थ्यांची मराठी नव्हती. भाषा बदलली, पण मधला माणूस कायम राहिला.

स्वातंत्र्योत्तर धोरणे व त्यांचा रोख :

स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून सुरू झाला. त्याचा रोख विवाहित जोडप्यांकडे होता. त्यामुळे अविवाहित युवक-युवती त्याच्या कक्षेबाहेर राहिले आणि नवविवाहित किशोरी मात्र एकदम ‘माता’ म्हणून नोंदली गेली. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती आवश्यक ठरविली. १९७८ मध्ये मुलीचे विवाहाचे किमान वय १८ आणि मुलाचे २१ करण्यात आले. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला आणि महाराष्ट्राच्या २००८ च्या नियमांनी ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडे प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी सोपविली. या सर्व तरतुदींत पालक, डॉक्टर, ग्रामसेवक यांची कर्तव्ये स्पष्ट आहेत. मुलीने स्वतः कोठे जावे, कोणास विचारावे, हे मात्र तिला कोणी सांगावयाचे, याचे उत्तर सहज सापडत नाही.

२००५ मध्ये केंद्र शासनाने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या पुस्तिकांतील चित्रे व मजकूर यांस तीव्र आक्षेप घेण्यात आला आणि २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक या राज्यांतही असाच विरोध झाला. एकीकडे शिक्षणाचा मार्ग रोखला जात असता दुसरीकडे आरोग्य विभागाने सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ सुरू केली. सल्ला रुग्णालयात उपलब्ध, परंतु त्याविषयी वर्गात बोलावयाचे नाही, अशी विसंगत स्थिती त्यातून निर्माण झाली. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात समवयस्क शिक्षकांची कल्पना आहे. ती कर्व्यांच्या सदराच्या अधिक जवळची होय, कारण तीत प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातील अंतर कमी होते.

मराठवाड्यातील एक प्रयोग :

ज्ञान थेट युवतींच्या हाती दिल्यास काय घडते, याचे उदाहरण मराठवाड्यातच उपलब्ध आहे. औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम राबविला. आठवड्याच्या दिवशी सायंकाळी तासभर वर्ग भरत आणि गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रिया तो घेत. १९९७ ते २००१ या काळात या गावांतील मुलींच्या विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले. एका वर्षाची ही वाढ दिसण्यास लहान आहे. परंतु किशोरीच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे दहावीची परीक्षा, अधिक परिपक्व शरीर आणि सुरक्षित प्रसूतीची वाढलेली शक्यता होय.

मानव विकास कार्यक्रमाखाली ग्रामीण मुलींसाठी सुरू झालेल्या निळ्या बसगाड्यांचा अनुभवही असाच बोलका आहे. शाळेच्या वेळी गावात येणारी बस कोणत्याही परिपत्रकाच्या स्पष्टीकरणाविना मुलींना कळते. धोरण डोळ्यांना दिसले की त्याचा लाभ मागता येतो.

महाविद्यालयांची जबाबदारी :

हा प्रश्न शाळेपुरता मर्यादित नाही. विवाहाची कायदेशीर वयोमर्यादा ओलांडताच अनेक मुलींचे विवाह होतात आणि पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात त्या माता होतात. उपस्थितीची अट पूर्ण होत नाही म्हणून परीक्षा हुकते, आणि हुकलेली परीक्षा हा बहुधा शिक्षणाचा शेवट ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत एम.फिल. व पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद केली. १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राने पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही उपस्थिती, परीक्षा-अर्ज इत्यादींत सवलत देणारे नियम करावेत, असे आयोगाने विद्यापीठांस कळविले. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एम.एड.च्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एकाची निवड करण्यास स्त्रीला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका घेतली. तथापि आयोगाचे पत्र कुलगुरूंना उद्देशून आहे. सेनगाव वा कळमनुरीहून येणाऱ्या विद्यार्थिनीस ते कोण वाचून दाखविणार, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांपुढचा आहे.

गोपनीयतेबाबतही स्पष्टता आवश्यक आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये १८ वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. या भीतीने अल्पवयीन गर्भवती मुली रुग्णालयात जाण्याचे टाळतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, गर्भपातासाठी आलेली अल्पवयीन मुलगी व तिचे पालक यांनी विनंती केल्यास डॉक्टरने या माहितीत तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्ट केले. हे संरक्षण ज्या मुलीसाठी आहे तिला ते ठाऊक नसेल, तर ती पुन्हा अप्रशिक्षित हातांकडेच वळेल. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे तिला आधीच व प्रामाणिकपणे सांगितले गेले पाहिजे.

निष्कर्ष :

१८९१ पासूनच्या या वाटचालीत एक गोष्ट सातत्याने आढळते. युवावर्गाच्या शरीराविषयीचे निर्णय त्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांना उद्देशून क्वचितच लिहिले गेले. ‘समाजस्वास्थ्य’चे प्रश्नोत्तरांचे सदर आणि पाचोडचे सायंकालीन वर्ग यांनी हा क्रम उलटविला, म्हणून त्यांचे महत्त्व. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे शासनाची भाषा दीर्घकाळ परकी राहिली, तेथे हे काम अधिक निकडीचे आहे.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रसूतीनंतर वर्गात परत येण्याचा नियम, उपस्थितीची सवलत, जवळच्या मैत्री क्लिनिकचा पत्ता, १०९८ हा बाल साहाय्य क्रमांक आणि गोपनीयतेच्या मर्यादा एवढी माहिती एका पानावर, सोप्या मराठीत आणि जेथे गरज असेल तेथे बंजारा बोलीत देता येईल. प्रवेशाच्या दिवशी ते पान प्रत्येक विद्यार्थिनीच्या व विद्यार्थ्याच्या हाती पडावे. मुलांना यातून वगळणे योग्य नव्हे, कारण लवकर होणाऱ्या विवाहाचा व मातृत्वाचा निर्णय जेथे होतो त्या घरांत उद्या तेच पती व पिता असणार आहेत. माहितीचे असे पान तयार करणे महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे आणि त्याअभावी हुकणारी परीक्षा त्याच महाविद्यालयातील विद्यार्थिनीची असते.