बारगीर की शिलेदार? साठीनंतरच्या मोटारसायकलीचा इतिहास

मागच्या भागात शहाजीराजांची बंगळुरूची जहागीर झाली. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेब भरकटले. विषय आहे मोटारसायकल. साठी उलटल्यावर मी ॲडव्हेंचर मोटारसायकल घ्यावी की नाही, हा वाद आमच्या घरात दोन महिने चालला आहे. त्याचं उत्तर शोधताना मला शोरूमच्या माहितीपत्रकापेक्षा सभासदाची बखर जास्त उपयोगी पडली. कशी, ते सांगतो.

आधी गरज काय ते बघू. मी राहतो बेळ्ळंदूरला. आठवड्यातून तीन दिवस मारतहळ्ळीच्या बाजूला एका कंपनीत सल्लागार म्हणून जातो. अंतर सहा-सात किलोमीटर. किती वेळ लागतो ते विचारू नका. आउटर रिंग रोडवर पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला, आणि डाव्या हाताचं मनगट क्लच दाबून दाबून बधिर. उरलेल्या दिवसांत मला बाहेर पडायचंय. कोलारच्या बाजूची खेडी, तळ्यांच्या बांधावरचे वीरगळ, शेतातून जाणाऱ्या मातीच्या वाटा. तिथे मोटार मध्येच सोडून चालावं लागतं, आणि माझे गुडघे आता चालण्याचा हिशोब मागतात. म्हणजे एकच गाडी शहरातही हवी आणि कच्च्या रस्त्यावरही. तसं बेळ्ळंदूरमध्ये हे दोन वेगळे आहेत असं मानायचं कारण नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथे इतकं पाणी भरलं की आयटीतली मंडळी ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला गेली. त्या दिवसांत या भागातली सगळ्यात चांगली ॲडव्हेंचर गाडी ट्रॅक्टरच होती.

आता या गाड्यांचं कूळ. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस नावाची मोटारसायकल आणली. जर्मनमध्ये जी म्हणजे रानमाळ आणि एस म्हणजे रस्ता. दोन्हीकडे चालणारी मोठी गाडी ही कल्पना तिच्यामुळे रुजली. १९८१ मध्ये तिने पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि नाव झालं. पण त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. ही शर्यत पहिल्यांदा निघाली १९७८ च्या डिसेंबरात. पहिल्या दोन्ही शर्यती सिरिल नेव्हू या फ्रेंच स्वाराने यामाहाच्या एक्सटी ५०० वर जिंकल्या. एक सिलिंडर, किक मारून सुरू होणारी साधी गाडी. म्हणजे सहारा आधी साध्या गाडीने ओलांडला आणि मग गाड्या मोठ्या झाल्या. पुढे १९८४ आणि १९८५ साली बीएमडब्ल्यूवर जिंकला तो गॅस्टन रायेर. माणूस इतका बुटका की त्या उंच गाडीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. त्याला ते जमलं, कारण तो मोटोक्रॉसचा जगज्जेता होता. मी नाही.

आपल्याकडे ही हवा उशिरा आली. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, ती फारशी चालली नाही. २०१५ मध्ये बंगळुरूच्या सी. एस. संतोषने डाकार पूर्ण केली. तो पहिला भारतीय. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, ४११ सीसीची, आणि मग मात्र दर चार फ्लॅटमागे एका पार्किंगमध्ये पेट्या लावलेली उंच गाडी दिसायला लागली. २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. २०२० मध्ये केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, नाव ऑस्ट्रियन पण बनते आपल्या चाकणला. २०२३ च्या अखेरीस नवी हिमालयन, ४५२ सीसी, ४० अश्वशक्ती, वजन १९६ किलो. माझं मन हिच्यावरच बसलं होतं.

आता बखरीकडे येतो. मराठ्यांच्या घोडदळात स्वार दोन प्रकारचे. बारगीर, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. आणि शिलेदार, जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. सभासद सांगतो की महाराजांनी पागेचं बळ वाढवलं आणि शिलेदारांना पागेच्या स्वाधीन ठेवलं. का? शिस्तीचा भाग होताच, पण दुसरंही कारण मला दिसतं. सरकारी घोडा पडला तर दुसरा मिळतो. स्वतःचा घोडा मेला तर शिलेदाराची रोजीच बुडते. म्हणून शिलेदार घोडा जपून लढतो, ही तक्रार जुनी आहे. आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

इंग्रजांच्या हिंदी घोडदळातही हीच पद्धत होती; तिथे तिला सिल्लादारी म्हणत. मूळ शब्द एकच, फारसीतला सिलाहदार. स्वाराने भरती होताना ठरावीक रक्कम भरायची, तिच्यातून घोडा आणि सामान. सरकारला स्वस्त, स्वाराला मान. छावणीत आणि सरहद्दीवरच्या लहान मोहिमांत हे चाललं. पहिल्या महायुद्धात पलटणी फ्रान्सला आणि मेसोपोटेमियाला गेल्या, घोडे पटापट मरायला लागले, आणि ती भरपाई स्वाराच्या खिशातून होणं शक्यच नव्हतं. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास घोडदळाची फेररचना झाली तेव्हा सिल्लादारी बंद झाली. मला सैन्यात असताना हा केवळ प्रशासनाचा मुद्दा वाटे. आता स्वतःच्या खिशातून घोडं घ्यायची वेळ आली तेव्हा तो नीट समजला.

कारण मी आयुष्यभर बारगीर होतो. मी सिग्नल्सचा. आमचे डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर, टपाल घेऊन बुलेटवर जात. १९५०च्या दशकात भारतीय लष्कराने सरहद्दीच्या गस्तीसाठी बुलेट ३५० घेतली, आणि १९५५ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला तिचा कारखाना उभा राहिला. आमच्या वेळेपर्यंत गाडी जवळपास तीच होती. गिअर उजव्या पायाला, टाचेजवळ न्यूट्रल शोधायचा वेगळा खटका, किक मारण्याआधी ॲमीटरचा काटा बघायचा. ताकद अठरा अश्वशक्तीच्या आसपास. तिच्यावर वाळूत पडलो, नाल्यात पडलो. उठायचं, हँडल दोन्ही गुडघ्यांत धरून सरळ करायचं, पुढे निघायचं. फारच वाकलं तर ईएमईचा कारागीर होता. सभासदाच्या बखरीतही हा माणूस आहे बरं का. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. एनफिल्डच्या आधी दोनशेहून अधिक वर्षं सर्व्हिस सेंटर सोबत घेऊन फिरत होते मराठे.

तर मुद्दा असा. कच्च्या रस्त्यावर गाडी पडते. पडेल का हा प्रश्नच नाही, किती वेळा एवढाच प्रश्न असतो. जी गाडी पडू द्यायची तुमची तयारी नाही, ती कच्च्या रस्त्याची गाडी नाही, मग माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो.

मी शोरूममध्ये गेलो. पोरगा हुशार होता, सगळे आकडे तोंडपाठ. मी म्हटलं, बाळ, ही गाडी जरा आडवी कर, मला उचलून बघायचीय. तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, स्क्रॅच येईल." मी म्हटलं, तेच तर बघायचंय. नाही केली त्याने, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. गाडी त्याची नव्हती, जबाबदारी त्याची होती. पण तिथेच मला माझं उत्तर अर्धं मिळालं. रस्त्यावर उतरेपर्यंत ही गाडी तीन लाखांच्या वर जाते. योगायोग बघा, सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या हातून गेलेलं बंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला मिळालं त्याचा आकडाही तीन लाखच सांगितला जातो. अख्खं शहर मिळत होतं. असो. पेन्शनमधून तीन लाख घालून घेतलेली गाडी मी मातीत आडवी करेन? नाही करणार. मी तिला धुऊन-पुसून आउटर रिंग रोडवरच फिरवेन, आणि तिथे चाळीस अश्वशक्तीतली तीस उभ्या उभ्या तापत राहतील, माझ्या पोटऱ्यांवर. मोठ्या घोड्यांना मराठ्यांची हरकत नव्हती. अरबी, इराणी घोडे त्यांनाही हवे असत. पण दख्खनचा माळ तुडवला तो भीमथडीच्या तट्टाने. बुटकं, काटक, मिळेल ते खाणारं.

आता आमच्या घरातली बाजू. पत्नीचं म्हणणं सरळ होतं. "अहो, शहाजीराजे कसे गेले ते मागच्या भागात तुम्हीच सांगितलंत ना?" सांगितलं होतं. १६६४ च्या जानेवारीत, होदिगेरेजवळ, शिकारीत घोड्यावरून पडून. आयुष्य घोड्यावर काढलेला माणूस, वय साठीच्या पुढे. यावर मी काय बोलणार? पडण्याचा अनुभव असला म्हणजे हाडं जुनी होत नाहीत असं थोडंच आहे. विशीत आपण पडतो ते चेंडूसारखे, आता पडू ते मडक्यासारखे. तेव्हा वजनाचा प्रश्न नुसत्या सोयीचा उरला नाही. १९६ किलोचं लोखंड पायावर आलं आणि आसपास कुणी नसलं, तर मी ते एकट्याने हलवू शकतो का? प्रामाणिक उत्तर, नाही.

म्हणून मी एक्सपल्सकडे वळलो. वजन १६० किलोच्या आसपास, ताकद एकोणीस अश्वशक्तीच्या आतबाहेर. म्हणजे माझ्या जुन्या सरकारी बुलेटइतकीच, आणि त्या बुलेटने काय काय बघितलंय ते मला माहीत आहे. सीट उंच आहे, ८२५ मिलिमीटर. माझ्या एका पायाचा चवडा टेकतो, दुसऱ्याचा नाही. हायवेवर ती ऐंशीच्या पुढे धापा टाकते. पत्नीला मागे बसायला सुख नाही, आणि तिला बसायचंही नाही. रोजच्या गर्दीत मात्र हलकी गाडी मनगटाला सोसते.

नवी नको असंही ठरलं. कसवनहळ्ळीत एका तरुण इंजिनिअरची तीन वर्षं वापरलेली सापडली. क्रॅशगार्ड वाकलेला, टाकीवर एक लांब ओरखडा. तो त्या ओरखड्याबद्दल माफी मागत होता. मी म्हटलं, त्याचेच पैसे देतोय. त्याच्या पार्किंगमध्ये गाडी आडवी केली, पाठ तिच्याकडे केली, एक हात हँडलला, एक मागच्या पकडीला, आणि पायांच्या जोरावर उचलली. मग दुसऱ्या बाजूने. दुसऱ्यांदा धाप लागली, पण उचलली.

घरच्या अटी तीन. कच्च्या रस्त्यावर एकट्याने नाही. गुडघ्याचं आणि छातीचं चिलखत घातल्याशिवाय नाही. आणि अंधार पडायच्या आत घरी. मी तिन्ही मान्य केल्या. तिसरी जरा कुरकुरत. नालबंदही बघून ठेवलाय, सर्जापूर रोडच्या आतल्या गल्लीत, वय पन्नास, येझदीवर काम शिकलेला. त्याने चेन आणि पुढचे फोर्क बदलायला सांगितलेत. आरसी नावावर व्हायला काही आठवडे लागतील. झाली की पहिली खेप होदिगेरेची नाही. तेवढा लांबचा पल्ला या गाडीचा नव्हे. आधी कोलार. पुढच्या भागात तिथलेच वीरगळ बघू.