हळर्णची मार्किझ आणि खाडीतली मारांडी

पेडणे महालात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला उभा आहे. मूळचा तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मैद याने तो जिंकून घेतला. लिस्बनच्या दरबारात या विजयाचे एवढे कौतुक झाले, की १७४८ मध्ये त्याला ‘मार्किस द अलोर्ना’ हा किताब मिळाला. अलोर्ना म्हणजे आपले हळर्णच! कोट लहानसा, पण त्याचे नाव, परक्या जिभेवर थोडे वाकडे होऊन का होईना, पोर्तुगालच्या एका सरदार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदले.

या मार्किसची नात दोना लिओनोर (१७५०–१८३९). तिचे आईकडचे आजोबा, तावोराचे मार्किस, हेही गोव्याचे व्हाइसरॉय होते. राजावर झालेल्या हल्ल्याच्या आरोपावरून १७५९ मध्ये त्यांना देहदंड झाला. त्याआधीच, १७५८ साली, आठ वर्षांच्या लिओनोरला आई व बहिणीसह शेलासच्या मठात कोंडण्यात आले होते. ती सुटली १७७७ मध्ये. बालपण आणि ऐन तारुण्य भिंतींआड गेलेली ही मुलगी पुढे पोर्तुगीज भाषेतील नामांकित कवयित्री झाली, भावाच्या निधनानंतर चौथी मार्किझ झाली, आणि तिने वनस्पतिशास्त्रावर सहा सर्गांचे एक काव्य लिहिले. हळर्ण तिने कधीच पाहिले नाही. पण झाडापेडांत रमणारी ही बाई येथे आली असती, तर शापोऱ्याच्या काठी तिला कोणती वनस्पती ओळखीची वाटली असती, असा प्रश्न मला पडतो.

माझ्या मते, मारांडी. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, चुनखडीच्या मुलुखात अकँथस नावाची वनस्पती उगवते. मोठी, खोल कातरलेली पाने. काही जातींत ती इतकी काटेरी, की उटकटाऱ्याचीच आठवण व्हावी. कुळाने मात्र ती उटकटाऱ्याची कोणी नव्हे. अडुळसा, कोरांटी आणि आपली अबोली यांच्या कुळातली ती. हिच्याविषयी रोमन ग्रंथकार व्हित्रुव्हियसने एक कथा सांगितली आहे. करिंथ नगरातील एक मुलगी अकाली वारली. तिच्या दाईने तिच्या आवडत्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वर कौल झाकले. खाली अकँथसचे मूळ होते. वसंतात त्याला फुटलेली पाने टोपलीभोवती चढली, कौलाला अडून बाहेर वळली. कॅलिमॅकस या शिल्पकाराने ते पाहिले आणि त्यावरून खांबाचा मुकुट घडवला. कथा खरी असो वा नसो, करिंथी खांब जगभर गेला. गांधारच्या शिल्पांत तर या पानांमध्ये बुद्ध बसलेला दिसतो.

गोव्यात हे पान आले ते चर्चच्या दगडातून. जुन्या गोव्यात सां कायतानचे दर्शनी खांब पाहावेत, से कॅथेड्रलच्या आतील खांब पाहावेत. आणि याच पानाची जिवंत बहीण खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या पायथ्याशी, केव्हापासूनची उभी! हीही अकँथसच. तिकडची कोरड्या खडकावर वाढते, ही खाऱ्या पाण्यात पाय रोवून राहते आणि शोषलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. निळसर जांभळे तिचे फूल देखणे असते. काट्यांमुळे हात लावायला कोणी धजत नाही, एवढेच.

युरोपीय विद्वानांना ती सापडली तीही आपल्याच माणसांच्या साथीने. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो आम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. रंग भट, विनायक पंडित व अपू भट हे तीन कोंकणी वैद्य त्या कामात होते. गोव्यातून परागंदा झालेल्यांच्या समाजातले हे लोक. १६७५ साली त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे, आणि चित्रांवरही नागरीत नावे आहेत. दुसऱ्या खंडात मारांडी आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले.

हे सारे मी निवृत्तीनंतर वाचले. सेवेत असताना एका खाजनाच्या पाहणीत बांधालगतच्या या झाडोऱ्यापुढे मी ‘काटेरी झुडपे, निरुपयोगी’ असा शेरा मारला होता. सोबतचा म्हातारा कूळ म्हणाला, “सायबानू, ती मारांडी. ती आसा म्हणान बांद आसा.” मी मान डोलावली आणि शेरा तसाच ठेवला. पुढे बांध दुरुस्त करताना ती झुडपे साफ करण्यात आली. दोन पावसाळ्यांनी त्याच ठिकाणी बांधाला भगदाड पडले, तेव्हा पाहणीला दुसरा अधिकारी गेला होता.