झिजलेल्या नाण्याची साक्ष

जुन्या नाण्यांचा जाणकार नाणे नेहमी कडेने धरतो. दिव्याच्या उजेडात ते किंचित तिरके करून सावकाश फिरवतो. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या पृष्ठभागावर तिरप्या उजेडात केसासारख्या बारीक रेघा चमकून जातात. संग्राहक त्यांना ‘हेअरलाइन’ म्हणतात. आपण केशरेषा म्हणू. या रेघा दिसल्या की नाण्याची किंमत बरीच खाली येते.

संग्राहकाच्या दृष्टीने हा दोष आहे. पण नाण्यावरचे ओरखडे आणि त्याची झीज यांकडे आणखी एका नजरेने पाहता येते. गेल्या सव्वादोनशे वर्षांत काही शास्त्रज्ञांनी तसे पाहिले. त्यांपैकी एक जण पुण्यात गणित शिकवत होता. झिजलेल्या नाण्यांची नुसती वजने करून त्याने प्राचीन भारताच्या इतिहासाला एक नवे साधन दिले. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी ओरखडा पडतो कसा, हे पाहू या.

रेघ कोण ओढते?

फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची श्रेणी मांडली. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो अधिक कठीण, एवढे साधे तत्त्व. या श्रेणीत सोने आणि चांदी अडीच ते तीनच्या दरम्यान येतात, तांबे तीनच्या आसपास. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे, सूक्ष्म कण असतात. क्वार्ट्झचे काठिण्य आहे सात. म्हणून ‘मऊ कापडाने हलकेच पुसले’ तरी नाण्यावर रेघा उठतात. त्या कापडाने उठत नाहीत, कापड आणि नाणे यांच्यामध्ये सापडलेल्या धुळीच्या कणांनी उठतात. राखेने घासले तर काय होत असेल याची कल्पना करावी.

सगळ्या रेघा मात्र सारख्या नसतात. वापरामुळे पडलेले ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना जातात, आणि झीज आधी दिसते ती उंच भागांवर: राजाचा गाल, केस, मुकुट. नाणे घासून साफ केले असेल तर रेघा एकाच दिशेने, समांतर जातात, खोलगट भागातही उतरतात आणि अक्षरांवरून आरपार जातात. तिसरा प्रकार मजेशीर आहे. टांकसाळीत साचा झिलई करताना साच्यावरच ओरखडे पडतात. साच्यावरची खाच नाण्यावर उंचवट्याच्या रूपात उमटते. नाण्याचा सपाट भाग साच्यावर सर्वांत वर असतो आणि चित्र खोल असते. त्यामुळे झिलईचे ओरखडे सपाट भागावरच पडतात आणि चित्राच्या कडेला येऊन थांबतात. अशी उठावाची रेघ नाण्याचा दोष मानली जात नाही, कारण ती नाण्याच्या जन्माबरोबरच आलेली असते.

चौथा प्रकार मुद्दाम केलेल्या खुणांचा. मोगल आणि मराठा काळातल्या अनेक रुपयांवर सराफांनी पारख करताना मारलेले छोटे ठसे दिसतात. नाणे जुने झाले, झिजले, की सराफ त्यावर बट्टा कापत. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो. नाण्याची झीज हा त्या काळी रोजच्या व्यवहारातला प्रश्न होता, कारण नाण्याची किंमत त्यातल्या धातूवर ठरत होती. झीज म्हणजे कोणाचे तरी नुकसान.

कॅव्हेंडिशचे घर्षणयंत्र

हाच प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारपुढे आला. सोन्याची नाणी अपेक्षेपेक्षा जास्त हलकी होत होती. मिश्रधातूच चुकीचा निवडला आहे की काय? मऊ सोने जास्त झिजते की कडक? १७९८ साली नेमलेल्या सरकारी समितीने हे काम हेन्री कॅव्हेंडिश आणि चार्ल्स हॅचेट या दोघांवर सोपवले. पृथ्वीच्या घनतेचा आपला प्रसिद्ध प्रयोग कॅव्हेंडिशने प्रसिद्ध केला तोही १७९८ मध्येच. हॅचेट हा रसायनशास्त्रज्ञ. आज आपण ज्याला नायोबियम म्हणतो ते मूलद्रव्य त्यानेच १८०१ साली शोधले.

घर्षणाचे यंत्र कॅव्हेंडिशच्या कल्पनेतून तयार झाले. त्यात नाण्यांच्या जोड्या ठरावीक वजनाखाली एकमेकांवर घासल्या जात. घासण्याची रेघ पुन्हा पुन्हा त्याच जागी पडू नये, याचीही सोय होती. नाहीतर नाण्यावर खोल चरे पडले असते आणि खिशातल्या झिजेशी त्यांचा काही संबंध राहिला नसता. दुसऱ्या प्रयोगात नाणी एका लाकडी पेटीत भरून पेटी फिरवत ठेवली. तिसऱ्यात नाणी निरनिराळ्या भुकट्यांवर घासली. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर वजन केले.

निष्कर्ष १८०३ साली प्रसिद्ध झाले. फार मऊ सोने चांगले नाही, फार कडकही नाही, मध्यम बरे. बारा भागांत अकरा भाग सोने असलेला, म्हणजे बावीस कॅरटचा, प्रचलित मिश्रधातू योग्यच होता. नाणी असामान्य वेगाने हलकी होत असतील तर त्याचा दोष या सोन्याला देता येत नाही, असे हॅचेटने स्पष्ट लिहिले. दोष धातूचा नाही म्हटल्यावर संशयाची सुई माणसांकडे वळते, हे वेगळे सांगायला नको.

जेव्हन्सची शिरगणती

प्रयोगशाळेतले घर्षण आणि बाजारातले घर्षण यांत फरक असतो. प्रत्यक्ष चलनातले नाणे वर्षाला किती झिजते? हा प्रश्न विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने घेतला. तरुणपणी त्याने सिडनीच्या टांकसाळीत धातुपरीक्षकाचे काम केले होते, त्यामुळे तराजू त्याच्या ओळखीचा होता. त्याने बँकांच्या मदतीने दीड लाखाहून अधिक सुवर्णनाण्यांची टांकणीच्या सालानुसार गणना करवून घेतली, निरनिराळ्या सालांच्या नाण्यांची वजने केली आणि १८६८ साली निष्कर्ष मांडले.

सॉव्हरिन या नाण्याचे पूर्ण वजन ७.९८८ ग्रॅम. ते ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेले की कायद्याने चलन म्हणून चालत नसे. जेव्हन्सच्या हिशेबाने एवढी झीज व्हायला सुमारे १८ वर्षे लागत. म्हणजे १८ वर्षांत ५० मिलिग्रॅम, वर्षाला तीन मिलिग्रॅमपेक्षाही थोडी कमी. हे वजन नाण्याच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरले, तर वर्षाला मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतका थर निघून जातो. (हे गणित नववी-दहावीची मुले करू शकतील: सॉव्हरिनचा व्यास २२ मिलिमीटर, घनता पाण्याच्या साधारण साडेसतरा पट.) डोळ्यांना न दिसणारी ही झीज तराजूला मात्र दिसते. चलनातली जवळजवळ एक तृतीयांश सॉव्हरिन नाणी कायदेशीर वजनाच्या खाली गेली आहेत, असे जेव्हन्सला आढळले. अर्ध्या सॉव्हरिनची स्थिती त्याहून वाईट होती. लहान नाण्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असतो, आणि ते हातोहात फिरतेही जास्त.

जेव्हन्सला नाण्यांची साले माहीत होती; त्यावरून त्याने झीज काढली. आता प्रश्न उलटा करून पाहा. नाण्यावर सालच नसेल, तर झिजेवरून त्याचे वय काढता येईल का?

कोसंबींचा तराजू

हा उलटा प्रश्न दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी सोडवायला घेतला. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी १९४० च्या सुमारास पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. त्यांच्यासमोर होती प्राचीन भारताची चांदीची आहत नाणी: साधारण साडेतीन ग्रॅम वजनाचे चांदीचे तुकडे. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, साल नाही. पुढच्या बाजूला सूर्य, चक्र, प्राणी असे पाच ठसे, आणि मागे कधी काहीच नाही, तर कधी बरेच छोटे ठसे. ठशांच्या अर्थाविषयी अंदाज पुष्कळ होते; पुरावा थोडा होता.

तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ साली एक मोठा ठेवा सापडला होता. त्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती, आणि सोबत अलेक्झांडर व त्याचा सावत्र भाऊ फिलिप यांची नाणी होती. त्यावरून ठेवा इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमारास पुरला गेला असावा, एवढे कळत होते. कोसंबींनी या नाण्यांच्या वजनांकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहिले.

त्यांचा तर्क असा. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांची वजने एका सरासरीभोवती थोडी इकडेतिकडे असतात. मग नाणी बाजारात जातात. प्रत्येक हाताळणीत थोडासा धातू जातो. कोणाचा कमी, कोणाचा जास्त. त्यामुळे काळ जाईल तशी सरासरी खाली येते आणि वजनांमधला विखार, म्हणजे प्रमाण विचलन, वाढत जाते. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येणार नाही. ते जन्मतःच हलके असू शकेल. पण शंभर नाण्यांचा गट दुसऱ्या शंभरांच्या गटाशी ताडून पाहता येतो. हा तर्क खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या काळातली, साल असलेली चलनी नाणीही वजन करून पाहिली, आणि चलनात फिरल्याने नाण्यांच्या वजनावर होणाऱ्या परिणामाविषयी १९४२ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले.

तक्षशिलेच्या ठेव्यात त्यांना एक सुंदर गोष्ट आढळली. मागच्या बाजूचे ठसे जितके जास्त, तितके त्या गटाचे सरासरी वजन कमी. म्हणजे हे ठसे एकाच वेळी मारलेले नव्हते. नाणी फिरत असताना, काळाच्या ओघात, एकेक करून पडत गेले. कोसंबींनी त्यांचा संबंध व्यापारी श्रेणींच्या तपासणीशी लावला. मग पुढच्या बाजूच्या ठशांनुसार गट पाडून, कोणता गट जास्त झिजलेला म्हणजे आधीचा, असा क्रमही लावता आला.

या पद्धतीच्या मर्यादाही मुलांना सांगायला हव्यात. झीज हे वर्षांचे घड्याळ नाही; ती हाताळणीची मोजदाद आहे. नाणे शंभर वर्षे मडक्यात पडून राहिले तर ते झिजणार नाही. म्हणून एकाच ठेव्यातल्या, एकाच बाजारात फिरलेल्या नाण्यांचीच तुलना भरवशाची. तीही क्रम सांगते, नेमके साल सांगत नाही. जमिनीतल्या गंजण्याने वजन बदलते, त्याचाही विचार करावा लागतो.

घासून काय जाते?

आता केशरेषांकडे परत येऊ. घरात जुनी नाणी निघाली की आपण चिंच आणि राख घेऊन बसतो. चिंचेतले आम्ल वरचा काळा थर आणि त्याबरोबर मिश्रधातूतले तांबे विरघळवते. राख उरलेल्यावर रेघा ओढते. नाणे चकचकीत होते. वर्षाची झीज तीन मिलिग्रॅमच्या आतबाहेर असेल, तर एका बैठकीत तेवढाच धातू गेला तरी एका वर्षाची खोटी नोंद झाली, आणि खऱ्या ओरखड्यांवर आपले ओरखडे चढले. ते पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

ठेव्याचे नुकसान याहून मोठे. नांगराला किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके लागते. नाणी वाटली जातात, विकली जातात, आटवली जातात. चांगली दिसणारी चार वाचतात आणि झिजलेली शंभर मुशीत जातात. कोसंबींच्या पद्धतीला नेमकी तीच शंभर हवी असतात. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार, दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. खेड्यातल्या शिक्षकाला हे ठाऊक असेल, तर एखादा ठेवा अखंड राहू शकेल.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोगही आहे. १९८३ ते १९९१ या काळातल्या तांबे-निकेलच्या रुपयाचे मूळ वजन ६ ग्रॅम होते. अशी नाणी पुष्कळ घरांतल्या डब्यांत पडून आहेत. मुलांना ती आणायला सांगा; न धुता, न घासता. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू महाविद्यालयाकडून किंवा ओळखीच्या सराफाकडून एका दुपारपुरता मिळू शकेल. सालानुसार गट पाडा, प्रत्येक गटाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा, आलेख काढा. गटात दहा-वीस तरी नाणी असू द्या. जुन्या सालांची सरासरी खाली येते का? विखार वाढतो का? उत्तर ‘नाही’ आले तर का नाही, यावर चर्चा करा: ही नाणी किती वर्षे फिरली आणि किती वर्षे डब्यात बसली?

काम झाले की प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पुडीत ठेवा आणि पुडीवर साल, वजन आणि नाणे कोणाच्या घरून आले ते लिहून ठेवा.