रसायन, हात आणि गावठी

आंबेगाव तालुक्यात 'रसायन' या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात आदिवासी बाळहिरडा गोळा करतात. आयुर्वेद हिरड्याला रसायनात, म्हणजे आयुष्य वाढवणाऱ्या औषधांत धरतो. खाली कळंबकडे, घोड नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, रसायन म्हटलं की छाप्याची बातमी आठवते: इतके लिटर कच्चं रसायन नष्ट केलं. ते असतं काळ्या गुळाचं आंबवलेलं पाणी. ओढ्याकाठी पुरलेलं बॅरल, वर फेस, नाकात जाणारा आंबूस दर्प. ओढा लागतो तो हे पाणी उकळल्यावर निघणारी वाफ थंड करायला. रसायनात नवसागर टाकतात. मूळ फारसी नौशादर. त्याचा सागर केला आपल्या जिभेने.

'दारू'ही फारसीतून आली ती औषध म्हणून. दवादारूत तो अर्थ अजून टिकून आहे. दारू गाळतात, आणि भट्टीची पहिली धार सर्वांत कडक.

मला अस्वस्थ करतो तो हातभट्टीतला 'हात'. हातमाग, हातसडीचा तांदूळ यांत तो मानाचा, इथे गुन्हेगार. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारची पकड आवळली. विक्रीचे मक्ते दिले जात. मक्त्याला कानडीत गुत्तिगे म्हणतात, त्यावरून दुकानालाच गुत्ता हे नाव पडलं. मक्त्याबाहेर गाळणारा चोर ठरला. 1949 मध्ये दारूबंदीचा कायदा झाला आणि 1981 च्या स्थानबद्धतेच्या कायद्याने तर 'हातभट्टीवाले' हा शब्द थेट आपल्या नावात घेतला, झोपडपट्टीदादांच्या शेजारी.

'गावठी' हा मात्र घातक शब्द आहे. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी तूप: अस्सल, बिनभेसळीचं. तोच भरवसा नकळत दारूलाही चिकटतो. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत दारू पिऊन शंभरावर माणसं दगावली ती तिच्यातल्या मिथेनॉलने. हा कारखान्यात लागणारा द्रव. गूळ, ओढा, भट्टी यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. चवीवरून तो ओळखू येत नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, डोळ्यांपुढे धुरकट होतं. अशा वेळी 'पहिल्या धारेची होती, चढली असेल' म्हणत घरचे माणसाला झोपवून ठेवतात, आणि दवाखान्यात न्यायची वेळ निघून जाते.