‘नॉर्मल’ फुफ्फुस नेमकं कुणाचं?

मी हिंगोली जिल्ह्यातली. आईची निम्मी हयात चुलीपुढे गेली. पीएचडीसाठी स्पायरोमेट्री शिकले आणि पहिली चाचणी तिचीच केली. दम्याचं औषध ओढायला लावून परत फुंकायला सांगितलं, तर पहिल्या सेकंदात 1.5 लिटर हवा बाहेर आली. एकूण हवेशी तिचं गुणोत्तर 0.66, म्हणजे 0.70 च्या खाली. श्वासनलिकांत अडथळा आहे हे नक्की. पण तो किती? मशीनमधल्या एका तक्त्याने तिच्यासाठी 2 लिटर अपेक्षित धरले : 75 टक्के, आजार मध्यम. दुसऱ्याने 1.8 धरले : 83 टक्के, सौम्य. फुंकर तीच!

आता बघा, हे ‘अपेक्षित’ आलं कुठून? 1846 मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सनने दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजून निबंध छापला. त्यात खलाशी, पोलीस, पहिलवान असे बहुतेक पुरुषच. उंची वाढते तशी हवा वाढते, हे त्याला सापडलं. त्याला क्षयाची चाहूल आधी लागावी असं वाटत होतं. विमा कंपन्यांनाही ते हवंच होतं. पहिल्या सेकंदाचं महत्त्व मात्र फ्रान्सच्या टिफनोने 1947 मध्ये दाखवलं. शंभर वर्षं गेली मध्ये!

आपल्याकडे युरोपीय आकड्यांतून सरळ 10 टक्के वजा करायची सवय होती. (हे मला आजही खटकतं.) 1970 च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी, पुढे 1987 मध्ये डॉ. फारोख उदवाडिया यांच्या गटाने, निरोगी भारतीयांचे श्वास मोजून इथले आकडे मांडले. तरी 2012 च्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडाचा वेगळा गट नव्हताच, आपण ‘इतर’मध्ये. 2022 मध्ये वंशाचा रकानाच काढलेलं समीकरण आलं. त्यानेही वाद मिटलेला नाही, कारण उंची सारखी असली तरी धड आणि पायांचं प्रमाण, लहानपणचं खाणं, धूर, हे सगळं फुफ्फुसात उतरतंच. आणि धुरात वाढलेल्यांनाच ‘निरोगी’ धरून सरासरी काढली, तर धुराने केलेलं नुकसान त्या सरासरीतच लपणार.

म्हणून कुठलाही पेपर वाचताना आधी पद्धतींचा भाग उघडा आणि तक्ता कोणता वापरलाय ते शोधा. तुमच्या प्रबंधातही ते लिहा, आणि टक्क्यांशेजारी लिटर द्या. आईच्या अहवालावर मी दोन्ही तक्त्यांची नावं पेनाने लिहून ठेवलीत. पुढच्या वर्षी ती परत फुंकेल तेव्हा तुलना लिटरशी करणार आहे.